आतड्यातील जीवाणू आणि मधुमेह

मधुमेह म्हटला की आपल्या मनात प्रथम स्वादुपिंड येते, आणि त्यात वावगे काहीच नाही. १८८९ साली स्ट्रासबुर्ग येथे ऑस्कर मिन्कोव्हस्की आणि जोसेफ फॉन मेरिंग या दोघांनी एका कुत्र्याचे स्वादुपिंड काढून टाकले, तेव्हा त्या प्राण्याला तीव्र मधुमेह जडला. पुढे १९२१ मध्ये टोरांटो येथे बँटिंग आणि बेस्ट यांनी त्याच ग्रंथीपासून रक्तातील साखर उतरवणारा अर्क मिळवला. इन्शुलिन या नावाने तो जगाला परिचित झाला. रोगाचे मूळ ठिकाण सापडले, असे त्या वेळी वाटणे साहजिक होते. परंतु प्रौढ वयात जडणारा जो मधुमेह, ज्याला वैद्यकात मधुमेहाचा दुसरा प्रकार म्हणतात, त्याची गोष्ट वेगळी निघाली. या रोग्यांचे स्वादुपिंड निदान आरंभीची काही वर्षे इन्शुलिन निर्माण करीत असते, पुष्कळदा नेहमीपेक्षा अधिकच. मात्र स्नायू, यकृत आणि मेद यांच्या पेशी त्या इन्शुलिनला पूर्वीसारखी दाद देत नाहीत. या अवस्थेला इन्शुलिन-प्रतिरोध असे नाव आहे. मग संशोधकांची नजर स्नायूंकडे वळली, यकृताकडे वळली, पोटाच्या घेराकडे वळली. मोठ्या आतड्याकडे मात्र बराच काळ कोणी वळून पाहिले नाही. अन्नाचा सारभाग लहान आतड्यातच शोषला जातो आणि पुढे उरतो तो केवळ टाकाऊ गाळ, अशी समजूत असल्यामुळे तिकडे पाहण्याचे कारणही दिसत नव्हते.

या गाळावर जगणाऱ्या जीवाणूंचा मधुमेहाशी काही संबंध असेल काय, हा या प्रकरणाचा विषय आहे. प्रश्न केवळ कुतूहलाचा नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. आतड्यातील जीवाणूंचा या रोगात हात असेल, तर उपचाराची एक नवी वाट मोकळी होते. नसेल, तर त्यांच्या नावाने विकल्या जाणाऱ्या पुड्या आणि कुप्या निरर्थक ठरतात. म्हणून उत्तर देण्याची घाई न करता, पुरावा कसा गोळा झाला आणि तो वाचताना शास्त्रज्ञ कुठे अडखळले, हे क्रमाने पाहणे बरे.

प्रथम या जीवाणूंची ओळख करून घेऊ. जठरातील आम्लामुळे तेथे फार थोडे जीवाणू तग धरतात. लहान आतड्यात त्यांची संख्या हळूहळू वाढते आणि मोठ्या आतड्यात त्यांची अक्षरशः दाटी असते. मानवी शरीरातील पेशींच्या दसपट जीवाणू आपल्या देहात असतात, असे विधान अनेक पुस्तकांत आढळते. ते एका जुन्या, ढोबळ अंदाजावरून उचललेले आहे. २०१६ साली इस्रायलमधील वाइझमन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी हा हिशेब नव्याने मांडला, तेव्हा मध्यम बांध्याच्या पुरुषाच्या शरीरात सुमारे ३० लाख कोटी पेशी आणि सुमारे ३८ लाख कोटी जीवाणू निघाले. या सर्व जीवाणूंचे वजन दोनशे ग्रॅमच्या आसपास भरते. म्हणजे दसपट नव्हे. परंतु एका स्वतंत्र अवयवाइतके काम करण्यास हे प्रमाण पुरेसे आहे.

हे काम कोणते? आपल्या लहान आतड्यात पिष्टमय पदार्थ, प्रथिने आणि स्निग्ध पदार्थ यांचे पचन होते, पण धान्याचा कोंडा, कडधान्यांच्या साली, भाज्यांचा चोथा यांतील तंतूंना तोडणारे पाचकरस मानवाजवळ जवळजवळ नाहीतच. काही पिष्टही पचनातून निसटते. शिजवून थंड झालेल्या भातातील थोडे पिष्ट असेच न पचणाऱ्या रूपात जाते. हे सर्व मोठ्या आतड्यात उतरते आणि तेथील जीवाणू त्याला आंबवतात. पीठ आंबताना वायू सुटतो तसा येथेही सुटतो, म्हणूनच हरभऱ्याच्या उसळीनंतर पोटात गुरगुरते. वायूबरोबरच काही लहान रेणूंची आम्ले तयार होतात. त्यांत तीन प्रमुख आहेत. पहिले अ‍ॅसेटिक आम्ल, जे व्हिनेगारमध्ये असते. दुसरे प्रोपिओनिक आम्ल. आणि तिसरे ब्युटिरिक आम्ल, ज्याच्यामुळे खवट लोण्याला तो परिचित वास येतो. या तिघांना मिळून लघुशृंखला मेदाम्ले म्हणतात.

ब्युटिरिक आम्लाकडे वाचकांनी विशेष लक्ष द्यावे, कारण पुढील हकिकतीत ते वारंवार येणार आहे. मोठ्या आतड्याच्या अस्तरातील पेशी आपली बहुतेक ऊर्जा रक्तातील साखरेतून न घेता या आम्लातून घेतात. ते मुबलक असले की अस्तर निरोगी राहते आणि पेशींमधील सांधे घट्ट राहतात. शिवाय आतड्याच्या अस्तरात विखुरलेल्या काही विशिष्ट पेशींना या आम्लांची चाहूल लागते आणि त्या जीएलपी-१ नावाचे संप्रेरक रक्तात सोडतात. जेवणानंतर स्वादुपिंडाने अधिक इन्शुलिन सोडावे, जठर सावकाश रिकामे व्हावे आणि भूक शमावी, ही या संप्रेरकाची कामे होत. त्याची नक्कल करणारी औषधे मधुमेहावर आणि स्थूलतेवर दिली जातात. म्हणजे चोथ्यापासून स्वादुपिंडापर्यंत एक सरळ वाट आहे, निदान कागदावर तरी आहे.

हे सारे इतक्या उशिरा का उमगले, असे कोणी विचारील. याचे कारण असे की, मोठ्या आतड्यातील बहुसंख्य जीवाणूंना ऑक्सिजन सोसत नाही. प्रयोगशाळेतील उघड्या बशीत ते मरून जातात. १८८५ साली थिओडोर एशेरिख या बालरोगतज्ज्ञाने तान्ह्या मुलांच्या विष्ठेतून एक जीवाणू वेगळा केला, जो पुढे त्याच्याच नावावरून एस्चेरिशिया कोली म्हणून प्रसिद्ध झाला. तो हवेत सहज वाढतो, म्हणून आधी सापडला. प्रौढाच्या आतड्यातील एकंदर जीवाणूंत त्याचा वाटा अगदी अल्प असतो. दिवा जेथे लावला तेथेच शोध घ्यावा, तसा हा प्रकार झाला. विसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेतील रॉबर्ट हंगेट यांनी गाईगुरांच्या पोटातील जीवाणू ऑक्सिजनविरहित नळ्यांत वाढवण्याची रीत घालून दिली. नंतर कार्ल वूझ यांनी १९७७ साली पेशीतील रायबोसोमच्या आरएनएवरून जीवसृष्टीची वंशावळ लावून दाखवली, आणि जीवाणू न वाढवताही त्यांची ओळख पटवण्याचे दार उघडले. एकविसाव्या शतकात जनुकवाचनाची यंत्रे स्वस्त व वेगवान झाल्यावर चिमूटभर विष्ठेतून शेकडो जातींची नोंद घेता येऊ लागली.

मधुमेहाशी संबंध प्रथम दिसला तो उंदरांत. जन्मापासून निर्जंतुक पेटीत वाढवलेल्या, म्हणजे पोटात एकही जीवाणू नसलेल्या उंदरांवर सेंट लुइस येथील वॉशिंग्टन विद्यापीठात जेफ्री गॉर्डन आणि त्यांचे सहकारी प्रयोग करीत होते. २००४ साली त्यांनी अशा प्रौढ उंदरांना सामान्य उंदरांच्या आतड्यातील जीवाणू दिले. चौदा दिवसांत त्यांच्या शरीरातील मेद शेकडा ६० ने वाढला आणि त्यांच्यात इन्शुलिन-प्रतिरोधही दिसू लागला. आश्चर्य असे की, त्यांनी पूर्वीपेक्षा कमी अन्न खाल्ले होते. २००७ मध्ये फ्रान्स आणि बेल्जियम येथील पात्रिस कानी प्रभृती संशोधकांनी दुसरा धागा पुढे आणला. काही जीवाणूंच्या बाह्य आवरणात एक विषारी द्रव्य असते, त्याला अंतर्विष म्हणतात. चार आठवडे अतिस्निग्ध आहार दिलेल्या उंदरांच्या रक्तात या अंतर्विषाचे प्रमाण दुपटी-तिपटीने वाढले. मग त्यांनी साध्या आहारावरील उंदरांच्या शरीरात तेच द्रव्य तितक्याच अल्प मात्रेत सतत सोडले, तेव्हा त्यांचे वजन आणि उपाशीपोटीची साखर स्निग्ध आहारावरील उंदरांप्रमाणेच चढली. आतड्याचे अस्तर झिरपू लागले की जीवाणूंचे अंश रक्तात उतरतात, शरीरात मंद दाह पेटता राहतो आणि त्या दाहामुळे पेशी इन्शुलिनला दाद देईनाशा होतात, असा या प्रयोगाचा अर्थ लावण्यात आला.

उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हे येथे सांगितलेच पाहिजे. निर्जंतुक उंदीर तर पुरता उंदीरही नव्हे; त्याच्या आतड्याची रचना आणि प्रतिकारशक्ती दोन्ही अपुऱ्या वाढलेल्या असतात. म्हणून माणसांकडे वळणे भाग होते.

२०१२ साली चीनमधील शेंझेन येथील संशोधकांनी ३४५ चिनी व्यक्तींच्या विष्ठेतील जीवाणूंची जनुके वाचून काढली. मधुमेह असलेल्यांत आणि नसलेल्यांत फरक आढळला. तो प्रचंड नव्हता, मध्यम होता. ब्युटिरिक आम्ल निर्माण करणारे जीवाणू रोग्यांत कमी होते, आणि संधी मिळताच उपद्रव करणारे काही जीवाणू अधिक होते. पुढच्याच वर्षी स्वीडनमधील गोथेनबर्ग येथून फ्रेडरिक बॅकहेड यांच्या गटाने सत्तरीच्या वयाच्या १४५ स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. येथेही ब्युटिरिक आम्ल निर्माण करणारे रोझबुरिया आणि त्यासारखे जीवाणू रोगी स्त्रियांत कमी आढळले. परंतु दोन देशांच्या याद्या समोरासमोर ठेवल्या तेव्हा इतर बहुतेक बाबतींत त्या जुळेनात. चीनमधील जीवाणूंवरून मधुमेह ओळखण्याचे जे गणित तयार झाले होते, ते स्वीडनमध्ये चालेना. स्वीडनच्या यादीत दुग्धाम्ल जीवाणू, म्हणजे दही लावणाऱ्यांचे भाऊबंद, मधुमेही स्त्रियांत वाढलेले होते. मग दही मधुमेहाला कारण होते असे म्हणायचे काय?

या गोंधळाचा उलगडा २०१५ साली झाला, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते या सबंध विषयातील सर्वांत शिकण्यासारखा भाग तोच आहे. युरोपातील संशोधकांच्या एका मोठ्या गटाने डेन्मार्क, स्वीडन आणि चीन येथील ७८४ व्यक्तींची माहिती एकत्र केली. त्यांत दुसऱ्या प्रकारचा मधुमेह असलेले १९९ जण होते. या रोग्यांना त्यांनी एक साधा प्रश्न विचारला: आपण मेटफॉर्मिन घेता काय? त्रेण्णव जण घेत होते, एकशे सहा जण घेत नव्हते, आणि तिन्ही देशांत हे प्रमाण सारखे नव्हते.

मेटफॉर्मिन हे मधुमेहावरील सर्वाधिक वापरले जाणारे औषध आहे. युरोपात गॅलेगा ऑफिसिनॅलिस नावाची एक शेंगावर्गीय वनस्पती आढळते. तिच्यातील द्रव्यांच्या अभ्यासातून या घराण्याची औषधे निघाली, आणि १९५७ साली फ्रान्समध्ये झां स्टर्न यांनी मेटफॉर्मिनचा मधुमेहावरील उपयोग प्रसिद्ध केला. ते यकृतावर परिणाम करून साखर उतरवते, असे पाठ्यपुस्तके सांगत आली. ज्यांना ते पहिल्यांदा सुरू होते, त्यांच्यापैकी पुष्कळांचे पोट बिघडते: वायू, मळमळ, जुलाब. डॉक्टर सांगतात, गोळी जेवणाबरोबर घ्या, हळूहळू सवय होईल. हे औषध तोंडाने घेतल्यावर आतड्याच्या भित्तिकेत त्याचे प्रमाण रक्तातल्यापेक्षा कितीतरी पटींनी अधिक होते, हेही माहीत होते. तरीही जीवाणूंची मोजदाद करताना या गोळीचा हिशेब कोणी धरला नव्हता.

तो धरताच चित्र पालटले. मधुमेहाची म्हणून जी लक्षणे नोंदली होती, त्यांतील बरीचशी औषधाची निघाली. मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत एस्चेरिशिया वर्गातील जीवाणू वाढतात आणि इंटेस्टिनिबॅक्टर नावाचे जीवाणू घटतात. दुग्धाम्ल जीवाणूंची ती कोड्यात टाकणारी वाढही औषधाचा हिशेब धरल्यावर टिकली नाही. रुग्णालयात जाऊन आजाऱ्यांच्या अंगावर पट्ट्या मोजाव्या आणि पट्टी हेच रोगाचे कारण समजावे, तशी गफलत होता होता राहिली. औषध न घेणाऱ्या रोग्यांची निरोगी माणसांशी तुलना केली, तेव्हा फरक पुष्कळ कमी उरला. परंतु तो पुसला गेला नाही. ब्युटिरिक आम्ल निर्माण करणाऱ्या जीवाणूंची घट तिन्ही देशांत शिल्लक राहिली. पुढे २०२० साली गोथेनबर्ग येथेच अद्याप कोणतेही औषध न घेतलेल्या शेकडो लोकांची तपासणी प्रसिद्ध झाली. तीत ही घट मधुमेह होण्यापूर्वीच्या, म्हणजे साखर नुकती बिघडू लागल्याच्या पायरीवरही दिसली.

मेटफॉर्मिनची गोष्ट येथे संपत नाही. २०१७ साली आणखी एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पूर्वी कधीही औषध न घेतलेल्या चाळीस मधुमेहींपैकी बावीस जणांना चार महिने मेटफॉर्मिन आणि अठरा जणांना हुबेहूब तशीच दिसणारी, पण औषध नसलेली गोळी देण्यात आली. कोणाला काय मिळाले, हे रोग्यांना अथवा डॉक्टरांना ठाऊक नव्हते. मेटफॉर्मिन घेणाऱ्यांचे जीवाणू मोठ्या प्रमाणात बदलले. मग औषध घेण्यापूर्वीची आणि चार महिन्यांनंतरची विष्ठा निर्जंतुक उंदरांना देण्यात आली. नंतरच्या विष्ठेतील जीवाणू मिळालेले उंदीर साखर अधिक चांगल्या रीतीने हाताळू लागले, वास्तविक त्यांना औषधाचा उपचार झालाच नव्हता. जी गोष्ट पुराव्यातील खोट म्हणून बाजूला काढली होती, तीच औषधाच्या गुणाचा एक भाग निघाली. यकृतावर परिणाम करणारे म्हणून ओळखले जाणारे हे औषध आपले काही काम जीवाणूंकरवी करून घेत असावे, असे मानण्यास आता जागा आहे.

येवढ्याने जीवाणू हे मधुमेहाचे कारण ठरत नाहीत. कारण आणि परिणाम यांचा निवाडा करण्याचा एक मार्ग म्हणजे जीवाणू बदलून पाहणे. अ‍ॅमस्टरडॅम येथे मॅक्स न्यूडोर्प यांच्या गटाने तसे केले. स्थूल आणि इन्शुलिन-प्रतिरोध असलेल्या, परंतु मधुमेह न झालेल्या अठरा पुरुषांपैकी काहींच्या आतड्यात सडपातळ निरोगी व्यक्तींच्या विष्ठेतील जीवाणू नळीवाटे सोडण्यात आले. उरलेल्यांना त्यांचेच जीवाणू परत देण्यात आले. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात सहा आठवड्यांनंतर पहिल्या गटाच्या पेशी इन्शुलिनला अधिक दाद देऊ लागल्या आणि ब्युटिरिक आम्ल निर्माण करणारे जीवाणूही वाढले. वाचकांना हा उपचार किळसवाणा वाटेल, परंतु एका विशिष्ट जीवाणूमुळे पुनःपुन्हा होणाऱ्या तीव्र अतिसारावर तो रुग्णालयांतून वापरला जातो. मधुमेहाच्या बाबतीत मात्र त्याचे यश अल्पजीवी ठरले. याच गटाने २०१७ मध्ये अधिक माणसांवर तोच प्रयोग केला, तेव्हा सहा आठवड्यांनी दिसलेली सुधारणा अठरा आठवड्यांनी मावळली. कोणाला गुण येणार, हेही त्याच्या आतड्यात आधीपासून कोण वस्तीला आहे यावर अवलंबून होते. जुने रहिवासी नव्यांना सहजासहजी जागा देत नाहीत.

दुसरा मार्ग अनुवंशाचा आहे. आपल्याला कोणती जनुके मिळणार हे गर्भधारणेच्या वेळीच ठरते. पुढे होणारा रोग किंवा घेतलेले औषध ती बदलू शकत नाही. म्हणून ज्यांच्या जनुकांमुळे आतड्यात ब्युटिरिक आम्ल अधिक होण्याकडे कल असतो, त्यांची साखर इतरांपेक्षा कशी वागते, हे पाहता येते. नेदरलँड्समधील ९५२ निरोगी व्यक्तींच्या माहितीवरून २०१९ साली हा हिशेब मांडण्यात आला. ब्युटिरिक आम्लाकडे कल असलेल्यांचे स्वादुपिंड साखर प्यायल्यावर अधिक चांगला प्रतिसाद देते, असे त्यावरून निघाले. उलट, प्रोपिओनिक आम्लाच्या निर्मितीत अथवा शोषणात बिघाड असेल तर दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहाचा धोका वाढतो, असेही निघाले. सारी लघुशृंखला आम्ले सरसकट हितकारक, असे समजणाऱ्यांना यावरून थोडे थांबावे लागेल.

तिसरा मार्ग स्वयंपाकघरातून जातो. शांघाय येथील झाओ लिपिंग यांच्या गटाने २०१८ साली त्रेचाळीस मधुमेहींवर केलेला प्रयोग प्रसिद्ध केला. सर्वांना अ‍ॅकार्बोज हे औषध दिले होते. ते पिष्टाचे पचन मंदावते आणि त्यामुळे पिष्ट खालच्या आतड्यात पोचते. एका गटाला मधुमेहींसाठी नेहमी सुचवला जाणारा आहार मिळाला. दुसऱ्याला अखंड धान्ये आणि विविध प्रकारचे तंतू यांनी समृद्ध असा आहार चौऱ्याऐंशी दिवस देण्यात आला. दोन्ही गटांची साखर उतरली, पण दुसऱ्या गटाची अधिक उतरली. लघुशृंखला आम्ले निर्माण करण्याची क्षमता असलेले जीवाणू पुष्कळ होते, परंतु तंतूंचा लाभ उठवून वाढले ते त्यांतील पंधराच वाण. हे वाण ज्यांच्यात जितके अधिक रुजले, तितकी त्यांची साखर अधिक आटोक्यात आली. प्रयोग लहान आहे, कालावधी तीन महिन्यांचाही नाही. तरी रोगी माणसांत आहार, जीवाणू आणि रक्तशर्करा या तिघांना एका साखळीत गुंफणारा पुरावा म्हणून त्याचे मोल आहे.

पहिल्या प्रकारच्या मधुमेहाविषयी येथे दोन शब्द पुरेत. तो बहुधा बालपणात वा तरुणपणी होतो, आणि त्यात शरीराची प्रतिकारशक्तीच स्वादुपिंडातील पेशींचा नाश करते. फिनलंडमध्ये तो रशियाच्या शेजारच्या कॅरेलिया भागापेक्षा कितीतरी अधिक आढळतो. दोन्हीकडील तान्ह्या मुलांच्या आतड्यातील जीवाणू भिन्न असल्याचे २०१६ साली दाखवण्यात आले. प्रतिकारशक्तीला बालवयात मिळणारे शिक्षण जीवाणूंकडून मिळते, या कल्पनेला त्यामुळे बळ मिळाले आहे. परंतु तो निराळ्या प्रकरणाचा विषय आहे.

औषधांच्या दुकानात मिळणाऱ्या जिवंत जीवाणूंच्या कुप्यांचे काय? त्यांत बहुधा दुग्धाम्ल जीवाणू आणि बायफिडोबॅक्टेरिया असतात, कारण ते वाढवणे सोपे असते. मधुमेहींवरील त्यांच्या चाचण्या बहुतेक लहान आणि अल्पकालीन आहेत. काहींत उपाशीपोटीची साखर थोडी उतरलेली दिसते, काहींत दिसत नाही. ब्युटिरिक आम्ल निर्माण करणारे खरे कारागीर, फीकॅलिबॅक्टेरियम आणि रोझबुरिया यांसारखे, ऑक्सिजनला भितात. त्यांना कुपीत जिवंत ठेवणे अवघड आहे. एक विलक्षण अपवाद सांगण्याजोगा आहे. अ‍ॅकरमॅन्सिया म्युसिनिफिला हा जीवाणू आतड्याच्या अस्तरावरील श्लेष्मावर जगतो. २००४ साली नेदरलँड्समध्ये त्याचे वर्णन झाले. बेल्जियममध्ये इन्शुलिन-प्रतिरोध असलेल्या स्थूल व्यक्तींना तो तीन महिने देण्यात आला. बत्तीस जणांनी प्रयोग पुरा केला आणि २०१९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. गुण आला तो तापवून मारलेल्या जीवाणूंनी. जिवंत जीवाणूंचा तसा स्पष्ट गुण दिसला नाही.

आता आपल्या देशाकडे येऊ. वर उल्लेखिलेले जवळजवळ सर्व अभ्यास युरोपातील वा चीनमधील आहेत, आणि भारतीयांच्या आतड्यातील वस्ती त्यांच्यापेक्षा वेगळी आहे. भोपाळ येथील भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०१९ साली भोपाळ आणि केरळ येथील ११० निरोगी व्यक्तींचा अभ्यास प्रसिद्ध केला. भोपाळकडील, प्रामुख्याने शाकाहारी लोकांत प्रीव्होटेला नावाच्या जीवाणूंचे प्राबल्य आढळले. धान्ये व कडधान्ये यांवर पोसणाऱ्या समाजांत हे जीवाणू बहुतेक ठिकाणी विपुल असतात.

आणि या प्रीव्होटेलाविषयीच पुरावा परस्परविरुद्ध आहे. २०१५ साली स्वीडनमध्ये निरोगी लोकांना तीन दिवस जवाच्या दाण्यांची पाव-भाकरी देण्यात आली. ज्यांची जेवणानंतरची साखर त्यामुळे सुधारली, त्यांच्या आतड्यात प्रीव्होटेला अधिक होते. लगेच पुढच्या वर्षी डेन्मार्कमधील २७७ लोकांच्या अभ्यासातून उलट निष्कर्ष निघाला: प्रीव्होटेला कोप्री ही जात विशिष्ट अमिनो आम्ले अधिक निर्माण करते, ती रक्तात वाढतात आणि त्यांच्यासोबत इन्शुलिन-प्रतिरोधही वाढतो. उंदरांना तो जीवाणू दिल्यावरही तसेच घडले. एकच जीवाणू मित्रही आणि शत्रूही कसा? २०१९ मध्ये असे ध्यानात आले की, प्रीव्होटेला कोप्री या एका नावाखाली प्रत्यक्षात चार भिन्न कुळे नांदत आहेत. पाश्चात्त्य शहरांतील लोकांत त्यांपैकी बहुधा एखादेच सापडते. पारंपरिक आहारावर राहणाऱ्या समाजांत अनेकदा ती एकत्र नांदतात. तेव्हा कोपनहेगनच्या नागरिकाला जे लागू पडते, ते विदर्भातील ज्वारी खाणाऱ्या शेतकऱ्याला लागू पडेलच असे नाही, आणि परदेशी यादी पाहून आपल्या आतड्यातील जीवाणूंना बरेवाईट ठरवणाऱ्या तपासण्यांवर विसंबणे अवघड आहे.

भारतीय मधुमेहींवर थेट काम झाले आहे, पण थोडे. पुण्यातील राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्राच्या संशोधकांचा २०१७ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास त्यांतील एक होय. त्यांनी जीवाणूंबरोबरच आतड्यातील आर्किया व इतर सूक्ष्मजीव यांचीही नोंद घेतली, आणि या तिन्ही वर्गांत मधुमेहींमध्ये फरक आढळले. त्यांची मांडणी ध्यानात घेण्याजोगी आहे. त्यांनी दोन नव्हे, तीन गट केले: निरोगी, उपचार चालू असलेले जुने रोगी, आणि नुकतेच निदान झालेले नवे रोगी. मेटफॉर्मिनमुळे जो घोटाळा झाला होता तो टाळावयाचा, तर हा तिसरा गटच उपयोगी पडतो. परंतु असे रोगी मिळवणे सोपे नाही. ज्या दिवशी रक्तातील साखरेचा अहवाल हाती येतो, पुष्कळदा त्याच दिवशी डॉक्टर मेटफॉर्मिन लिहून देतात, आणि ते योग्यच आहे. संशोधकाला नमुना हवा असतो तो दवाखान्याची पायरी उतरल्यापासून पहिली गोळी गिळेपर्यंतच्या त्या थोड्या तासांतला.